उजव्या बाजूचं दूध

पहिल्यांदा आई होणाऱ्या बाईला लोक सतरा गोष्टी विचारतात. डोहाळे कसले लागले, पोट वर आहे की खाली, नाव काय ठेवणार. पाजायला येतं का, हे मात्र कुणी विचारत नाही. ते आपोआप येतं असं सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं असतं. मीही धरलं होतं, आणि मी तर शाळेत विज्ञान शिकवते.

गेल्या महिन्यात आमच्या शाळेतली एक नवी शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर निघाली. जाताना स्टाफरूममध्ये मला बाजूला घेऊन म्हणाली, "मॅडम, पाजण्याचं काही शिकून ठेवावं लागतं का हो?" मी घाईत होते. म्हटलं, "काही नाही गं, होतं सगळं." घंटा झाली आणि मी वर्गावर गेले, पण शिकवण्यात लक्ष लागेना. हेच वाक्य मला माझ्या वेळी सगळ्यांनी सांगितलं होतं. त्याच्या भरवशावर राहिल्यामुळे माझ्या उजव्या बाजूला चार बोटं लांबीची खूण आहे.

म्हणून हे लिहायला बसले. औषधपाण्याचं डॉक्टरांना विचारा, मी काही डॉक्टर नाही. मी फक्त कुठं कुठं चुकलं ते सांगणार आहे. त्यातलं बरंचसं माझंच चुकलं, हे कळायला मला फार वेळ लागला.

बाजेवर

माझं सासर सांगलीत, विश्रामबागला. माझा नवरा सागर तिथंच एका कॉलेजात नोकरीला आहे. माहेर वाईजवळच्या एका खेड्यात. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, त्याप्रमाणे सातव्या महिन्यात ओटी भरून आईकडे आले. वाईच्या एका दवाखान्यात ओवी झाली, आणि तिसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो.

आईनं माझं काही कमी केलं नाही, हे आधीच सांगते. शेक, धुरी, तेल लावणं, हळिवाची खीर, डिंकाचे लाडू, सगळं वेळच्या वेळी. कानाला फडकं बांधून मला बाजेवर बसवायची आणि बाहेरून वारा येतो म्हणून खिडकीसुद्धा लावून घ्यायची. आबा, म्हणजे माझे वडील, फौजेतून सुभेदार होऊन परत आलेले. ऊस आणि दोन म्हशी हे आता त्यांचं जग. बाळंतिणीच्या खोलीत बाप्यानं यायचं नाही म्हणून ते दारातूनच "काय म्हनतीया आमची कलेक्टरीन?" असं विचारून गोठ्याकडे जायचे.

ओवीला पाजायला घेतलं की ती नुसतं टोक ओढायची. तोंड मोठं उघडून नीट धरायचंच नाही. मला वाटलं, लहान आहे, लहानच तोंड असणार. दोन दिवसांत उजव्या बाजूला चिरा पडल्या. ती रडायला लागली की मी तिला घ्यायला उशीर करायचे, कारण आता दुखणार हे ठाऊक असायचं. मग मी एक युक्ती काढली. डावी बाजू जरा बरी होती, तिथंच पाजायला लागले. उजवीकडे दिवसातून एखाद्या वेळी, तेही दात-ओठ आवळून.

पाजताना दुखत असेल तर बाळ नीट धरत नाही, एवढं साधं असतं ते. कुणाला तरी समोर बसवून दाखवायला सांगावं. मी कुणालाच सांगितलं नाही, कारण न दुखता पाजणाऱ्या बायकाच मला आजूबाजूला दिसत होत्या आणि त्यांच्यात आपणच कच्च्या ठरू असं वाटायचं.

सातव्या दिवशी उजवी बाजू ताठून दगड झाली. अंघोळ करताना थोडं हातानं दाबलं, चार थेंब आले आणि बरं वाटलं. आई पाठीवर पाणी घालत होती. तिनं माझा हात धरला.

"आगं शिते, पिळू नगंस! अंगावरचं दूध भुईला पडलं की आटतंय."

"आई, असं काही नसतं."

"तू शाळेत शिकीव. हितं मी सांगते ते ऐक. माज्या आईनं कवा एक थेंब भुईला पडू दिला न्हाई."

मी हात काढून घेतला. वर्गात पोरांना कार्यकारणभाव शिकवणारी मी, आईच्या न्हाणीत बसून खरंच घाबरले. समजा आटलं तर? त्या भीतीपुढे माझं सगळं विज्ञान गुंडाळून ठेवलं गेलं.

दुधाचा ताप

नवव्या दिवशी दुपारी थंडी वाजून ताप आला. उजव्या बाजूला तळहाताएवढा लाल चट्टा, हात लावू देईना. आईनं कपाळाला हात लावला आणि निर्धास्तपणे म्हणाली, "दुधाचा ताप हाय त्यो. समद्यांनाच येतोय. दोन दिसांत उतरंल." मग जरा विचार करून म्हणाली, "पर त्या अंगाचं पाजू नगं आता. तापल्यालं दूध लेकराला बाधतंय."

खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं. उजवीकडे पाजायचं नाही म्हणजे दुखायचं नाही. आईनं सांगितलं म्हणून मी पाजणं थांबवलं असं मी पुढं सगळ्यांना सांगत आले. ते अर्धंच खरं आहे. ती सांगायची वाटच मी बघत होते.

आईनं एरंडेल लावून, तव्यावर गरम केलेल्या फडक्यानं शेकून, बोटांनी गाठ रगडून काढायचा प्रयत्न केला. मी उशी चावली. गाठ काही हलली नाही, उलट आणखी लाल झाली.

बारसं

बाराव्या दिवशी बारसं होतं. सांगलीहून सासरची पंचवीस माणसं यायची होती. आबांनी मांडव घातला होता, आचारी सांगितला होता. आईनं जावयाच्या माणसांत नाव खाली जाऊ नये म्हणून महिनाभर तयारी केलेली. अशा वेळी मला ताप आहे असं सांगायचं म्हणजे बारसं पुढं ढकलायचं, आणि "बाळंतिणीला नीट सांभाळलं नाही" असं ऐकून घ्यायचं. मी दर सहा तासांनी तापाची गोळी घेतली आणि आईला सांगितलं, ताप उतरलाय. तिनंही पुन्हा हात लावून बघितलं नाही.

काठाची साडी नेसले. ज्या त्या बाईनं मला मिठी मारली. दर मिठीला डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. सासूबाईंनी कौतुकानं विचारलं, "शीतल, दूध भरपूर आहे ना गं?"

"हो आई, भरपूर आहे."

सागरनं पाळण्याजवळ माझा हात धरला. "किती गरम लागतेस गं?"

"माणसं किती आहेत बघ ना. उकडतंय."

पाळणा म्हणून झाला, आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं, घुगऱ्या वाटल्या. फोटोत मी हसते आहे. तो फोटो आमच्या सांगलीच्या हॉलमध्ये लावलाय, आणि येणारे-जाणारे म्हणतात, काय तेज आहे बाळंतिणीच्या चेहऱ्यावर. ते तेज नाही, ताप आहे. एकशे तीन होता.

साताऱ्याला

सागर आणि सासरची माणसं रात्रीच सांगलीला परतली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजेवरून उठताना पडले. आबांनी शेजाऱ्यांची गाडी मागवली आणि आम्ही थेट साताऱ्याला गेलो. मी, मांडीवर ओवी, शेजारी आई, पुढं आबा.

डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी बघितलं, सोनोग्राफी करून घेतली आणि समोरची खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या. त्या खुर्ची ओढतात तेव्हाच मला कळलं की काहीतरी वाईट सांगणार.

"आत पू झालाय. बराच आहे. आज भूल देऊन चीर द्यावी लागेल."

"मी दुधाचा ताप समजले होते."

"या बाजूनं पाजणं कधीपासून बंद केलंत?"

"ताप आला तेव्हापासून. ते दूध बाळाला बाधेल म्हणून."

"दूध चांगलंच होतं हो. तेव्हाच पाजत राहायचं होतं. बाळ पीत नसेल तर हलक्या हातानं काढायचं. आणि ताप आला त्याच दिवशी यायचं होतं. त्या दिवशी आला असतात तर गोळ्यांवर भागलं असतं."

चार दिवस. मला ऑपरेशनची जेवढी भीती वाटली नाही, तेवढी त्या चार दिवसांची लाज वाटली. मांडव, आचारी, काठाची साडी, आणि या बाजूचं दूध आत साठून साठून कुजलं. समोर ओवी आईच्या हातात मुठी चोखत होती.

आबा

मला आत न्यायच्या आधी आबा स्ट्रेचरपाशी आले. माझ्याकडे न बघता, समोरच्या भिंतीकडे बघत बोलले.

"शितू, म्या म्हनलो हुतो तुज्या आईला. म्हशीला दगडी झाली, कास सुजून घट्ट झाली म्हंजे आपन काय धार काढायची सोडतो व्हय? उलट जास्त येळा काढतो. कास मोकळी ठेवावी लागती. समदं ठावं हाय मला."

"मग मला का नाही सांगितलंत, आबा?"

"पोरीला बापानं कसं सांगायचं हे? तुजी आई म्हनली, लाज वाटत न्हाई का, लेकीला म्हशीच्या पंगतीला बसवताय. मग गप बसलो."

सीमेवर बर्फात उभा राहिलेला माणूस, लेकीच्या दुधाबद्दल बोलायला घाबरला. आमच्या घरात म्हशीची कास ताठली तर सगळं घर गोठ्यात जमतं. माझी ताठली तेव्हा खिडकी लावून घेतली गेली. आबांचा मला राग आला नाही. सगळा राग आईवर निघाला.

आई स्ट्रेचरच्या दुसऱ्या बाजूला उभी होती. "घाबरू नगंस बाय," म्हणाली. मी तिचा हात झिडकारला.

"तूच तोडलंस माझ्या लेकराचं दूध. तुझं ऐकलं हेच चुकलं माझं."

तिथं सिस्टर होत्या, दुसऱ्या पेशंटची माणसं होती. आईनं ओवीचं दुपटं सरळ केलं, पुन्हा घडी घातली, पुन्हा उघडलं. मला आत नेलं.

ड्रेसिंग

पुढचे सहा दिवस दवाखान्यात. जखम शिवत नाहीत, आतून भरू देतात. रोज सकाळी दहाला सिस्टर यायच्या आणि जखमेतली जुनी पट्टी ओढून काढायच्या, नवी भरायच्या. पट्टी किती लांब असते याचा अंदाज मला पहिल्या दिवशी नव्हता. जादूगार तोंडातून फिती काढतो तशी ती येतच राहिली. साडेनऊपासूनच माझी नजर घड्याळावरून हलायची नाही.

ओवीला डावी बाजू पुरेना, म्हणून वाटी-चमच्यानं पावडरचं दूध चालू झालं. ते आई पाजायची. मान किंचित वर धरून, चमचा ओठाला टेकवून, एक थेंब न सांडता. मला ते बघवत नव्हतं, आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं.

सागर सांगलीहून आला. आधी जवळ बसला, मग म्हणाला, "मी विचारलं होतं गं तुला. हात गरम लागला तेव्हा विचारलं होतं." त्याचं बरोबर होतं. सासूबाई फोनवर मोठ्यानं म्हणाल्या, "इथं सांगलीत ठेवली असती तर ही वेळ आली नसती." फोन स्पीकरवर होता आणि आई खाटेच्या पायथ्याशी बसलेली होती. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं की लपवलं मी. मी म्हटलं नाही. कुणीतरी दुसरं दोषी असणं मला त्या दिवसांत फार सोयीचं होतं.

सगळंच वाईट नव्हतं. दुपारपाळीच्या एक वयस्क सिस्टर होत्या. त्यांनी तिसऱ्या दिवशी माझ्या पाठीशी दोन उशा कोंबल्या, ओवीचं पोट माझ्या पोटाला लावलं, आणि तिनं जांभईएवढं तोंड उघडेपर्यंत मला थांबायला लावलं. "थांब, थांब... आता!" आणि पहिल्यांदा, ओवी पंधरा दिवसांची झाल्यावर, मला पाजताना दुखलं नाही. ती घुटके घेत होती ते ऐकू येत होतं. मी रडायला लागले तर सिस्टर म्हणाल्या, "आता रडू नको गं बाई, पोरगी वर बघतीय." दोन मिनिटांची ती शिकवण होती. ती मला पहिल्या दिवशी मिळाली असती तर हा लेख लिहायची गरज पडली नसती.

म्हणून सांगते, दवाखान्यातून घरी जायच्या आधी अशी एखादी सिस्टर गाठा. लाजू नका, पदर बाजूला करा आणि म्हणा, दाखवा मला. घरी ताप आला, लाल झालं, तर बारसं असो की लग्न, त्याच दिवशी दवाखान्यात जा. आणि पाजणं थांबवू नका.

उरलेली बाजू

जखम भरायला दीड महिना गेला. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, उजवीकडे पुन्हा लावून बघा, जमेल. ओवी तिथं तोंड लावायची, दोन घोट घ्यायची आणि मान फिरवायची. मी आठ-दहा दिवस प्रयत्न केला आणि सोडून दिलं. नेट लावला असता तर कदाचित जमलं असतं. त्या बाजूला नुसता तिचा गाल लागला तरी मला ती पट्टी आठवायची. हळूहळू उजवी बाजू आटली.

डाव्या बाजूवर ओवी अकरा महिने प्यायली, वरून पावडरचं दूध. गुटगुटीत झाली. एका बाजूवर मूल वाढतं, पावडरवरही वाढतं, तेव्हा कुणाला नाहीच जमलं तर जीव जाळून घेऊ नका. मला पश्चात्ताप ओवीच्या वजनाचा नाही. जे होतं, माझंच होतं, ते मी भिऊन वाया घालवलं, याचा आहे.

त्यानंतर ही गोष्ट मी खूप जणींना सांगितली. शाळेत, भिशीत, फोनवर. सांगता सांगता ती छान घोटून तयार झाली. त्यात माझी अडाणी आई होती, तिचा तवा होता, आणि शिकलेली बिचारी मी होते. बारशाची गोळी मी त्यात कधीच घातली नाही.

पूनमची खोली

या उन्हाळ्यात माझ्या भावजयीला, पूनमला, मुलगा झाला. तिला आई नाही, म्हणून बाळंतपण आमच्याच घरी. मी साडेतीन वर्षांच्या ओवीला घेऊन चार दिवस गेले. पोचले तर पूनम बाजेवर एकटीच रडत बसलेली. बाळ धरत नव्हतं, छाती ताठलेली. आई स्वयंपाकघरात होती.

"आई, पूनम रडतीय. तू बघितलं नाहीस?"

"मी न्हाई बाई जात. मला काय कळतंय त्यातलं? तुला इचार म्हनलं तिला. तू येस्तोवर दम धर म्हनलं."

"अगं पण निदान जवळ तरी बस तिच्या."

"नगं. परत काय वंगाळ झालं म्हंजे?"

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. ओवीच्या बाबतीत साडेतीन वर्षांत आईनं मला एकही गोष्ट सुचवली नव्हती. खोकल्याला ओवा नाही, दात येताना काही नाही, टाळूवर तेल नाही. मला वाटायचं, आई आता समंजस झाली. तिनं जीभ बांधून घेतली होती, आणि मी ते समंजसपण म्हणून मिरवत होते.

पूनमला मी धरायचं कसं ते दाखवलं. बाळानं धरलं. थोडं दूध वाटीत काढून दिलं, तिला मोकळं वाटलं. पण ती पुन्हा पुन्हा दाराकडे बघत होती. आईविना वाढलेल्या पोरीला त्या वेळी पाठीवर हात हवा होता, माझी शिकवणी नको होती. मी परत स्वयंपाकघरात गेले.

"आई, पूनमला तूच हवी आहेस. मी तेव्हा दवाखान्यात बोलले ना, ते..."

"खरंच बोललीस तू. माज्यामुळंच झालं." ती भाकरी थापत होती, थांबली नाही. "एकच इचारायचं हुतं. ओवीला कशापायी सांगितलंस गं? ल्हान हाय ती."

"मी? मी ओवीला काही सांगितलं नाही."

"मागल्या खेपंला मांडीवर बसली हुती. केस इचरत हुते मी तिचं. म्हनली, आज्जी, तू माजं दूध तोडलंस ना?"

मी फोनवर बोलत असताना ओवी माझ्या पायाशीच खेळत असायची. किती वेळा ऐकलं असेल तिनं. आईनं भाकरी भाजून उतरवली, हात धुतले आणि माझ्याकडे न बघता पूनमच्या खोलीत गेली. आतून तिचा आवाज आला, "उठ बाय, माज्या खांद्याला टेक."

ओवी ओसरीवर खडे मांडत बसली होती. मी तिच्यापाशी जाऊन बसले. म्हटलं, "ओवी, आज्जीनं तुझं दूध तोडलं नाही. आईला दुखत होतं, आईला ताप आला होता, आणि आईनं ते कुणाला सांगितलंच नाही. चूक आईची होती."

"तुझी?"

"हो, माझी."

तिनं हातातला खडा खाली ठेवला. "मग तू आज्जीला सॉरी म्हणलीस?"

मी उठले आणि आत गेले.